पहिल्या पुस्तकाचे परीक्षण

दिवाळी अंकात टीकालेख असतो आणि तो बहुधा कुणाच्या तरी कादंबरीवर नाहीतर कवितासंग्रहावर असतो. त्या कादंबरीच्या हजार प्रती खपल्या तरी प्रकाशक पेढे वाटतो. परंतु वाचकहो, जे पुस्तक तुमच्याआमच्यापैकी प्रत्येकाच्या हाती सर्वांत आधी पडले, ज्याची पाने आपण बोट ठेवून ठेवून फाडली आणि क्वचित चघळलीही, त्या पुस्तकाचे परीक्षण तुमच्या वाचनात कधी आले आहे काय? मी अंकलिपीविषयी बोलतो आहे. कुणी तिला मुळाक्षरांचे पुस्तक म्हणतात, तर जुनी माणसे उजळणी म्हणतात. आमच्याकडे नांदेडला समीक्षा म्हटली की नरहर कुरुंदकरांचे नाव निघते. तेही आधी प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होते. तेव्हा मास्तराने टीकाकाराच्या खुर्चीवर बसावे, ह्याला आमच्या गावात आधार आहे. आणि कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने अंकलिपीची चिंता करणे हा तर उघड उघड स्वार्थच आहे. पहिल्या पुस्तकाने ज्याला वाचनातून पळवून लावले, तो माझ्या तीनशे पानांकडे कशाला फिरकेल?

जून महिन्यात नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या दुकानांतून जरा हिंडून पाहावे. पालक येतात आणि म्हणतात, "पहिलीच्या लेकराला एखादं पुस्तक द्या." दुकानदार पाचसहा पुढे टाकतो. पालक मुखपृष्ठ पाहतात, कागद किती गुळगुळीत आहे ते पाहतात, चित्रे रंगीत आहेत ना तेही पाहतात, आणि निवड होते. आत अक्षरे कोणत्या क्रमाने आली आहेत आणि त्या अक्षरांचे मुलाने करावयाचे काय, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापर्यंत विषय गेला. अंकांसाठी एवढे भांडणारे आपण अक्षरांच्या बाबतीत मात्र दुकानदार देईल ते घेऊन घरी येतो.

आता ह्या पुस्तकांचे अंतरंग पाहू. डावीकडे अक्षर, उजवीकडे चित्र, खाली शब्द. ग गणपतीचा, घ घराचा, ज जहाजाचा. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या मुलाने ज हे अक्षर जहाजावरून शिकावे, ही कल्पना कुणाही विनोदी लेखकाला हेवा वाटावा अशी आहे. तरी जहाज एक वेळ चालेल. मुलाला जहाज काढायला आवडते. ऐरण, उखळ, डमरू आणि यज्ञ ह्यांचे काय करावे? शहामृगाच्या चित्रावर बोट ठेवून "क कोंबडीचा" असे ठणकावून सांगणारे लेकरू मी पाहिले आहे. त्याच्या निरीक्षणात मला काही चूक दिसली नाही. उलट ऊ उसाचा आणि औ औताचा ही दोन पाने आमच्या मुलांना कशी चटकन कळतात, ते पाहावे.

पण चित्र ओळखीचे की अनोळखी हा प्रश्न तसा वरवरचाच. खरा दोष ह्याहून खोल आहे. चित्रामुळे मूल अक्षर वाचतच नाही. ते गणपती पाहते आणि 'ग' म्हणते. वाचायचे काम चित्राने आधीच करून टाकलेले असते. खात्री करून घ्यावयाची असेल तर चित्रावर तळहात ठेवावा आणि नुसते अक्षर विचारावे. आणखी कठोर व्हावयाचे असेल तर तेच अक्षर 'नाग' ह्या शब्दाच्या शेवटी दाखवावे. पुष्कळ मुले तेथे थबकतात. त्यांच्या लेखी ग हा गणपतीजवळ राहणारा कुणी गृहस्थ असतो. नागाशी त्याचा संबंध काय?

दुसरी गोष्ट क्रमाची. आपली वर्णमाला ही मोठी शास्त्रशुद्ध रचना आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराची जागा जसजशी पुढे सरकते तसतशी व्यंजने येतात. क, ख, ग, घ कंठातले आणि प, फ, ब, भ ओठांवरचे. ज्यांनी ही मांडणी केली त्यांच्या बुद्धीपुढे हात जोडावेत. पण ही मांडणी बोलण्याचे शास्त्र जाणणाऱ्यांनी जाणणाऱ्यांसाठी केलेली आहे. सहा वर्षांच्या मुलाला वाचनाच्या वाटेवर कसे न्यावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता. ह्या क्रमाने जाणाऱ्या मुलाला आधी सगळे स्वर, मग ज्ञपर्यंत सगळी व्यंजने, आणि त्यानंतर काना, मात्रा, वेलांटी अशी यात्रा करावी लागते. शिवाय आवाजाने जवळजवळची अक्षरे एकाच ओळीत शेजारी शेजारी बसतात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही दिसायला सारखी अक्षरेही एकामागून एक अंगावर येतात. ङ आणि ञ ह्यांना तर बिचाऱ्यांना चित्रसुद्धा मिळत नाही. त्यांच्या चौकटी रिकाम्याच राहतात.

काना-मात्रा शेवटी ठेवल्याचा एक मौजेचा परिणाम होतो, तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. कानामात्रा नसलेले मराठी शब्द घेऊन वाक्य करून पाहा. घर, गवत, कमळ, बदक अशी नामे मिळतील. पण क्रियापद? बघ, धर, पळ, बस, चल. 'आला' म्हणावयाचे तर काना हवा, 'गेली' म्हणावयाचे तर मात्रा आणि वेलांटी हवी. म्हणजे कानामात्रा वर्ज्य केली की मराठीत बहुधा हुकूमच तेवढा सोडता येतो. आमच्या मुलांचे पहिलेवहिले वाचन हे असे हुकुमांचे वाचन असते! ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते ती भाषा त्याला पुस्तकात भेटते केव्हा, तर पाऊसकाळ सरल्यावर.

ह्याच्या उलट एक प्रयोग करावा. क, म, ल ही तीन व्यंजने घ्या. आ हा एक स्वर घ्या. काना आणि दुसरी वेलांटी ही दोन चिन्हे घ्या. झाली सहा. ह्या सहांत काका, काकी, मामा, मामी, काम, काल, माल, मला, मी, कमी, कमाल, आला, आली इतके शब्द बसतात. आणि वाक्य? "काल मामा आला. मामी आली." शाळा उघडल्यापासून पंधरा दिवसांत मूल हे वाचू शकते. हे वाक्य त्याला कुणी पाठ करून दिलेले नसते. ते त्याने स्वतः जुळवलेले असते. मामाला 'आला' म्हटले म्हणून कुणी रागावू नये. मात्रा अजून शिकवलेली नाही. 'आले' पुढच्या पानावर येईल.

हा मार्ग माझ्या डोक्यातून निघालेला नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्यांनी असे काम उभे केले. अमेरिकेत जन्मलेल्या ह्या भाषाशास्त्रज्ञ बाई १९६६ साली फलटणला आल्या, तेथल्या बोलीचा त्यांनी अभ्यास केला, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९८६ साली तेथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. वर्णमालेच्या क्रमाला बाजूला ठेवून थोडी थोडी अक्षरे, त्यांच्यासोबतच स्वरचिन्हे, आणि लगोलग अर्थ असलेले शब्द, हे त्यांच्या वाचनपद्धतीचे सूत्र. त्याच्याही आधी ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या सोबतीने, अंगणात भरणाऱ्या बालवाड्या चालवल्या. माँटेसोरीबाईंच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायचे आणि सुटी अक्षरे जुळवून शब्द करायचे, हा विचार ताराबाई आणि गिजुभाई बधेका ह्यांनी आपल्याकडे रुजवला. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत असत, त्याचेच हे शास्त्रीय रूप म्हणा ना. ओनामा धुळीत होत असे, आणि पुसण्याची सोयही हातासरशी होती.

इतके सगळे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले असताना, अलीकडे आमच्या दोन्ही शहरांतून 'फोनिक्स' ह्या नावाच्या पाट्या लागलेल्या दिसतात. हे काय प्रकरण आहे ते जरा समजून घेतले पाहिजे, कारण पालक त्यापायी बरेच पैसे मोजतात. इंग्रजीची अडचण अशी की त्या भाषेत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. 'सी' हे नाव, पण 'कॅट' मध्ये त्याचा आवाज 'क'. सव्वीस अक्षरे आणि चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनी, असा तो संसार आहे. म्हणून मुलाला नावाऐवजी आधी आवाज शिकवावे आणि आवाज जोडून शब्द वाचायला लावावे, ह्या रीतीला ते फोनिक्स म्हणतात. १९५५ साली अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश ह्यांनी 'जॉनीला वाचता का येत नाही' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि शब्द नुसता पाहून पाठ करण्याच्या तिकडल्या पद्धतीवर कोरडे ओढले. तेव्हापासूनचा हा वाद आहे. इंग्लंडमध्ये २००६ साली ह्या रीतीची शिफारस झाली. सध्या आपल्याकडे जो संच जास्त दिसतो तो जॉली फोनिक्स. १९९२ साली तो इंग्लंडात निघाला. त्यात बेचाळीस ध्वनी आहेत आणि प्रत्येकासोबत हाताची एक खूण आहे. ए, बी, सी ह्या क्रमाने तो जात नाही. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरे आधी घेतो, कारण एवढ्यांत 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'पॅन' असे पुष्कळ शब्द होतात. आपल्या काका-मामांचीच ही विलायती भावंडे!

तेव्हा इंग्रजी शिकवण्यासाठी हा संच घेणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलेच आहे, आणि 'ए फॉर ॲपल' ह्या मंत्रापेक्षा ही रीत शंभर पटीने शहाणी आहे. माझा आक्षेप आहे तो 'मराठी फोनिक्स' म्हणून जे तक्ते विकले जातात त्यांना. मराठी अक्षराचे नाव हाच त्याचा आवाज आहे. म ला आपण 'एम' म्हणत नाही. जे दुखणे आपल्याला नाही त्यावरचे औषध आपण का घ्यावे? शिवाय ह्यांतले कित्येक तक्ते मुळात हिंदीसाठी छापलेले असतात. त्यांत ड आणि ढ खाली टिंबे देऊन आणखी दोन अक्षरे असतात, पण ळ नसतो. आता ळ नाही म्हणजे बाळ नाही, फळा नाही, खेळ नाही, आणि शाळासुद्धा नाही! तक्ता विकत घेताना बाकी काही पाहिले नाही तरी चालेल. आधी ळ शोधावा. आणि अ च्या डोक्यावर चंद्र असलेला ॲ पाहावा, आ च्या डोक्यावरचा ऑ पाहावा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ह्या दोघांना वर्णमालेत रीतसर आसन मिळाले आहे. बॅट आणि बॉल बाणाच्या आधी ओळखणाऱ्या पोरांना त्यांची गरजही आहे.

आपली दुखणी निराळी आहेत. पहिले म्हणजे आपली घोकंपट्टी. मूल 'मामाला' हा शब्द कसे वाचते? "म ला काना मा, म ला काना मा, ल ला काना ला." ठीक. मग काय झाले? मूल तुमच्या तोंडाकडे पाहते. इंग्रज मुलाने "सी, ए, टी" म्हणावे तसलाच हा प्रकार; चिन्हांची नावे घेतली, शब्द मात्र हाती लागला नाही. म्हणून 'मा' हे एकच पाऊल म्हणून शिकवावे, काना नावाचा दांडा मागाहून ओळख करून दिला तरी चालेल. दुसरे, पहिली वेलांटी. ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. 'कि' लिहिताना हात डावीकडून सुरू होतो आणि जीभ क पासून. म्हणूनच आरंभी दुसरी वेलांटी बरी; ती उजवीकडे शहाण्यासारखी बसते. तिसरे, शेवटचा अ. 'घर' हा शब्द घ आणि र असा सुटा सुटा म्हणत बसले तर घर सापडत नाही. 'करवत' तर त्याहून वाईट. लिहिताना चार अक्षरे, बोलताना 'कर्-वत्'. चौथे, च आणि ज. 'चार' मधला च निराळा आणि 'चारा' मधला निराळा. 'जग' हा शब्द दुनिया ह्या अर्थी एक, आणि जगण्याची आज्ञा म्हणून दुसरा. ह्या खाचखळग्यांपैकी एकाचाही पत्ता ज्याला नाही, त्या पुस्तकावर परदेशी नाव लावून काय उपयोग?

बरे, ई ह्या अक्षराचीच गंमत पाहा. 'मी' आणि 'की' लिहायला शिकलेले मूल पुष्कळदा ई ऐवजी 'अी' लिहिते. आपण त्याला चुकीची फुली मारतो. हीच सूचना सावरकरांनी लिपिसुधारणेसाठी केली होती आणि 'किर्लोस्कर' मासिक काही वर्षे तसे छापलेही जात होते. फुली मारू नये असे मी म्हणत नाही. पण मारताना जरा हळू मारावी.

शुद्धलेखनाकडे येऊ. येथे मात्र कानावर विसंबून भागत नाही, कारण इ आणि ई ह्यांतला फरक आपण बोलताना फारसा पाळत नाही. मोडी लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांनी तर ऱ्हस्वदीर्घाची कटकट ठेवलीच नव्हती. एका वेलांटीत आणि एका उकारात दप्तरेच्या दप्तरे भरली. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम नव्याने ठरले, १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. अठराच्या अठरा मुलांच्या डोक्यावर ओतणारी पुस्तके बाजारात आहेत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्यांतला भेद सात वर्षांच्या मुलाला समजावणाऱ्या लेखकाला मी नमस्कार करतो आणि पुस्तक परत ठेवतो. लहान मुलाला दोनच गोष्टी पुरतात. शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर दुसरी: पाणी, गाडी, माती. आणि फूल, मीठ, तूप, वीट ह्यांना काही जोडले की आतला दीर्घ आखडतो: फुलाला, मिठात, तुपाने, विटेवर. 'गुण', 'विष' असले संस्कृतातून आलेले पाहुणे ह्या दुसऱ्या नियमाला जुमानत नाहीत, त्यांना मागाहून भेटावे. फूल-फुलाला अशा जोड्या समोरासमोर देणारे पुस्तक चांगले. एकच शब्द दहा वेळा लिहायला लावणारे पुस्तक हे वहीच्या कारखानदाराचे मित्र.

आमच्याकडे आणखी एक बाब असते. येथली बरीच मुले पाण्याला पानी म्हणतात, लोण्याला लोनी म्हणतात. पुण्याकडे छापलेल्या पुस्तकाला हे ठाऊक नसते आणि मास्तराला ते सहन होत नाही. तो मुलाचे तोंड दुरुस्त करायला जातो. तोंडाच्या मागे लागू नये, डोळ्याला सवय लावावी. शाळेत 'पाणी' लिहावे आणि घरी खुशाल 'पानी' प्यावे. आणि घरची भाषाच मराठी नसली तर? देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, दोन्ही शहरांतल्या मोहल्ल्यांत उर्दू, किनवट-मुखेडच्या तांड्यांवर बंजारा. तांड्यावरच्या लेकरासाठी आई ही 'याडी' असते. त्याच्या पुस्तकात य यज्ञाचा कशाला हवा? य याडीचा असे एक पान छापायला कितीसा खर्च येईल? मला वाटते, अंकलिपी छापणाऱ्यांनी किनवटला एक फेरी मारावी.

येथवर वाचून कुणी म्हणेल, मास्तर, एवढे कशाला चिरडीस येता? आज ना उद्या सगळीच पोरे वाचायला शिकतात. सगळी शिकत नाहीत हो. लातूरचे नाव दहावी-बारावीच्या निकालांनी देशभर गाजले. 'लातूर पॅटर्न' म्हणून त्याचा डंका वाजला, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच जिल्ह्यातून आणि शेजारच्या नांदेड-बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास उसाच्या तोडीला टोळ्या निघतात. हंगामी वसतिगृहे आहेत, तरी कित्येक लेकरे आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांची शाळा जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे चार महिन्यांची. वर्णमालेच्या क्रमाने गेलेले मूल ह्या चार महिन्यांत फार तर ज्ञ गाठते आणि कानामात्रेच्या उंबरठ्यावरून ट्रॅक्टरमध्ये चढते. त्याला अक्षरे येतात, वाचता येत नाही. परत येईतो अक्षरेही पुसून गेलेली असतात. मग त्याला जे नाव मिळते ते वर्णमालेतच आहे: ढ. ब्राह्मी लिपीपासून आजवर ज्याचे वळण फारसे बदलले नाही असे अक्षर ते ढ, म्हणून न सुधारणाऱ्याला ढ म्हणतात, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा खोटी. न सुधारलेले पुस्तक असते आणि ढ ठरते मूल. काका-मामांच्या वाटेने गेलेले मूल मात्र दिवाळीपर्यंत छोटी वाक्ये वाचत असते. त्याला पाचटाच्या खोपीत पुस्तक उघडून बसता येते. कारखान्याच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठीवरची अक्षरे ही त्याची पुढची पाठ्यपुस्तके होतात.

अंकलिपीला मी अगदीच मोडीत काढतो आहे असे समजू नये. ती स्वस्त आहे, खिशात मावते, तिच्यात वार, महिने, दिशा आणि पाढे असतात. गरिबाच्या घरातला तो ज्ञानकोशच आहे. तिच्यातली बाराखडी तर मला अत्यंत प्रिय आहे, फक्त तिची जागा चुकली आहे. काही अक्षरे आणि काही चिन्हे कळल्यानंतर मुलाने बाराखडीचा तक्ता पाहिला की एकदम उलगडा होतो: अरे, क चे जे होते तेच म चेही होते! तिसरी-चौथीत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांसाठी 'प्रथम' ह्या संस्थेने हा तक्ता चांगलाच वापरला; आडवे वाचायचे, उभे वाचायचे, आणि सोबत सोपा उतारा. म्हणून अंकलिपी घ्यावी, पण ती दुसरे पुस्तक म्हणून घ्यावी.

पहिले पुस्तक निवडताना काय करावे ते सांगतो. दुकानात उभ्याउभ्या त्याचे पाचवे-सहावे पान उघडावे. त्या पानावरच्या शब्दांत, आधी न शिकवलेली अक्षरे किती आहेत ती मोजावीत. एखादे असले तर क्षम्य; चारपाच असली तर पुस्तक पाठांतरासाठी आहे, वाचण्यासाठी नाही. मग पाहावे की पहिल्या दहा पानांत एखादे असे वाक्य आहे काय, जे माणूस माणसाशी खरोखर बोलेल. पुस्तक घरी नेल्यावर महिन्याभराने मुलाची नव्हे, पुस्तकाची परीक्षा घ्यावी. शिकलेल्याच अक्षरांतून 'लीका', 'माकील', 'कीमाल' असले निरर्थक शब्द कागदावर लिहून मुलापुढे ठेवावेत. मुलाला हा खेळ फार आवडतो. ते हसत हसत वाचते. वाचले, तर पुस्तकाने काम केले. इंग्लंडात २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात आणि त्यांतले निम्मे असेच बनावट असतात.

ह्यानंतरची पुस्तके निवडणे सोपे आणि सुखाचे आहे. माधुरी पुरंदऱ्यांचा 'राधाचं घर' हा संच घ्यावा. घर शहरातले आहे, पण त्यातल्या आजी-आजोबांना आमच्या लेकरांनी परके मानले नाही. त्यांचेच 'वाचू आनंदे' मोठ्या मुलांसाठी, आणि 'लिहावे नेटके' हे पुस्तक, मुलांपेक्षा आधी मास्तरांनी सोडवावे असे. प्रथम बुक्सची छोटी पुस्तके स्वस्तही असतात.

आणि पैसे नसतील, किंवा मनासारखे पुस्तक मिळालेच नाही, तर? तुळशीचे लग्न उरकले की गावोगाव लग्नपत्रिका येऊ लागतात. त्यांच्या कोऱ्या बाजू जाड आणि गुळगुळीत असतात. त्या कापून चौकोन करावेत, ठळक काळ्या शाईने एकेकावर एकेक अक्षर काढावे. काना आणि वेलांट्या वेगळ्या रंगात काढाव्यात म्हणजे कुणाला काय जोडले ते दिसते. क, म, ल प्रत्येकी चार चार लागतात, काने आठ लागतात. ळ मात्र दोन जादा कापून ठेवावेत. सगळ्यांत आधी तेच हरवतात.